मोबाईल सेवापुरवठादार बदलण्याचा निर्णय : रत्नागिरी जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

पत्र आणि मनीऑर्डर या दोन साधनांवर ज्या जिल्ह्याचा मुंबईशी असलेला संबंध कित्येक पिढ्या टिकून राहिला, त्या रत्नागिरी जिल्ह्यात आज मोबाईल हे कुटुंबाला जोडून ठेवणारे प्रमुख साधन बनले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती. २००१ च्या तुलनेत ती घटलेली होती. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया हे प्रमाण येथील स्थलांतराचे बोलके निदर्शक आहे. सुमारे ८४ टक्के लोकसंख्या ग्रामीण असून ती विखुरलेल्या वाड्यांतून राहते. कर्ता मुलगा मुंबईत अथवा पुण्यात आणि आईवडील वाडीवर, हे येथील असंख्य घरांचे चित्र आहे.

अशा घरात मोबाईलची कंपनी कोणती असावी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु निवृत्तिवेतन, बँकेचा ओटीपी, गॅसची नोंदणी, रात्री-अपरात्री बोलवावी लागणारी रुग्णवाहिका या सर्व बाबी आज एकाच क्रमांकाशी बांधल्या गेल्या आहेत. त्यामुळे कंपनी बदलण्याचा निर्णय हा केवळ खर्चाचा निर्णय राहिलेला नाही. हा निर्णय कोणत्या क्रमाने विचार करून घ्यावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. दराची तुलना शेवटी करावी, ज्या जागी दूरध्वनी येणे आवश्यक आहे त्या जागेचा विचार प्रथम करावा, आणि प्रत्यक्ष चाचणी घेतल्याशिवाय मूळ क्रमांक हलवू नये, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय : स्वरूप व वाटचाल

पूर्वी मोबाईल कंपनी बदलणे म्हणजे क्रमांक बदलणे होते. क्रमांक बदलला की नातेवाईक, गिऱ्हाईक, बँक आणि कार्यालय या सर्वांना तो नव्याने कळवावा लागे. या त्रासामुळे असमाधानी ग्राहकही जुन्याच कंपनीकडे राहत असे. ही अडचण दूर करण्यासाठी अनेक देशांनी क्रमांक कायम ठेवण्याची सोय कायद्याने उपलब्ध करून दिली. सिंगापूरमध्ये १९९७ साली, ब्रिटनमध्ये १९९९ साली आणि अमेरिकेत २००३ साली तिचा आरंभ झाला.

भारतात भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, २००९ साली यासंबंधीचे विनियम केले. २५ नोव्हेंबर २०१० रोजी हरियाणा सेवाक्षेत्रात ही सोय प्रथम सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून ती देशभर लागू झाली. तथापि आरंभी ती एकाच सेवाक्षेत्रापुरती मर्यादित होती. दूरसंचाराच्या दृष्टीने देशाची २२ सेवाक्षेत्रे आहेत. त्यांपैकी मुंबई हे स्वतंत्र सेवाक्षेत्र असून रत्नागिरी जिल्हा महाराष्ट्र व गोवा यांच्या संयुक्त सेवाक्षेत्रात मोडतो. परिणामी मुंबईत नोकरी करून निवृत्तीनंतर गावी परतलेल्या चाकरमान्याला आपला मुंबईचा क्रमांक येथील सेवाक्षेत्रात आणता येत नसे. ३ जुलै २०१५ पासून संपूर्ण देशात कोठेही क्रमांक नेण्याची मुभा मिळाली आणि ही उणीव दूर झाली.

सध्याची पद्धत मुख्यतः १६ डिसेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या सुधारणांवर आधारलेली आहे. ग्राहकाने आपल्या मोबाईलवरून ‘पोर्ट’ हा शब्द व आपला क्रमांक १९०० या क्रमांकावर संदेशाने पाठवायचा असतो. ग्राहक अटी पूर्ण करीत असेल तर त्याला ‘यूपीसी’ नावाचा सांकेतिक क्रमांक मिळतो. आपल्याकडे तो चार दिवस वैध असतो. तो घेऊन नव्या कंपनीच्या केंद्रात ओळखपत्रासह अर्ज केला की एकाच सेवाक्षेत्रात तीन, तर दोन सेवाक्षेत्रांत पाच कामकाजाच्या दिवसांत क्रमांक नव्या कंपनीकडे जातो. अर्ज केल्यापासून २४ तासांच्या आत तो संदेशाद्वारे मागे घेता येतो.

अटींपैकी एक अट प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. सध्याच्या कंपनीकडे किमान ९० दिवस पूर्ण झालेले असल्याशिवाय क्रमांक पुन्हा हलवता येत नाही. म्हणजेच हा निर्णय चुकला तर तो दुरुस्त करण्यासाठी तीन महिने थांबावे लागते. कोकणात तीन महिने म्हणजे जवळजवळ संपूर्ण पावसाळा होय.

सैद्धान्तिक बाजू : बदलाचा खर्च

अर्थशास्त्रात एका विक्रेत्याकडून दुसऱ्याकडे जाताना ग्राहकाला सोसाव्या लागणाऱ्या खर्चाला बदलाचा खर्च असे म्हणता येईल. पॉल क्लेम्पेरर यांनी १९८७ साली या संकल्पनेची पद्धतशीर मांडणी केली. हा खर्च जितका जास्त, तितकी जुन्या ग्राहकांविषयी कंपनीला कमी फिकीर, असा त्या विचाराचा मथितार्थ आहे. त्याच सुमारास, १९८८ साली, सॅम्युएल्सन व झेकहाउसर यांनी मनुष्य अनेकदा केवळ ‘आहे ते चालू द्यावे’ या वृत्तीने निर्णय टाळतो हे दाखवून दिले. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली असमाधानी ग्राहकापुढील दोन मार्ग सांगितले : बाहेर पडणे किंवा आवाज उठवणे.

क्रमांक कायम ठेवण्याच्या सोयीने बदलाचा मोठा खर्च नाहीसा केला. आरंभी यासाठीचे शुल्क कमाल १९ रुपये इतके अल्प होते. एका कंपनीवरून दुसऱ्या कंपनीवर केलेल्या दूरध्वनीपोटी कंपन्या परस्परांना देत असलेले शुल्क १ जानेवारी २०२१ पासून संपुष्टात आले. त्यामुळे ‘घरातील सर्वांची कंपनी एकच असावी’ या जुन्या विचाराचे आर्थिक कारणही बव्हंशी उरले नाही. २०२४ पर्यंत देशातील अशा अर्जांची एकूण संख्या शंभर कोटींच्या घरात पोहोचली. बाहेर पडण्याचा मार्ग कागदोपत्री सर्वांना खुला झाला, असे यावरून दिसते. तथापि बाहेर पडून जेथे जायचे, तेथे रेंज आहे काय, या प्रश्नाचे उत्तर कोणताही विनियम देऊ शकत नाही. ते उत्तर भूगोलाकडे आहे.

रत्नागिरीची भूरचना आणि रेंज

जिल्ह्याच्या पूर्वेस सह्याद्री, पश्चिमेस समुद्र आणि मध्ये डोंगर, जांभ्याचे सडे, खोल दऱ्या व खाड्या अशी येथील रचना आहे. मंडणगडापासून राजापुरापर्यंत नऊही तालुक्यांत वस्ती सड्यावर कमी आणि उतारावर, पऱ्याच्या काठी किंवा खाडीलगत अधिक आढळते. पाणी व वाऱ्यापासूनचा आडोसा जेथे, तेथे वाडी वसली. मोबाईलच्या लहरींना मात्र नेमकी उलट परिस्थिती मानवते. टॉवर व मोबाईल यांच्यामध्ये डोंगराची सोंड आली की लहरी क्षीण होतात. म्हणूनच सड्यावर पूर्ण रेंज आणि त्याच सड्याखालच्या घरात काहीच नाही, असा अनुभव येतो. २०२० साली टाळेबंदीच्या काळात कोकणातील विद्यार्थी वर्गासाठी डोंगरमाथ्यावर जाऊन बसत होते, ते याच कारणाने.

लहरींची वारंवारता हाही यातील महत्त्वाचा घटक आहे. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी अधिक दूर जातात, अडथळ्याला वळसा घालण्याची आणि भिंतीतून आत शिरण्याची त्यांची क्षमता अधिक असते. १८०० किंवा २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी अधिक माहिती वाहून नेतात, परंतु त्यांचा पल्ला कमी असतो. जांभ्या दगडाच्या जाड भिंतींचे माजघर, भोवती दाट व पावसाने भिजलेली झाडी, अशा घरात हा फरक ठळकपणे जाणवतो. एकाच कंपनीची रेंज खळ्यात असते आणि माजघरात नसते, याचे स्पष्टीकरण यात आहे.

‘पाऊस आला की रेंज जाते’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. वस्तुतः मोबाईलपर्यंत येणाऱ्या लहरींवर पावसाच्या थेंबांचा परिणाम फार अल्प असतो. रेंज जाण्याची कारणे निराळी आहेत. वीज खंडित होते, टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत उतरतात, जनित्रासाठी डिझेल पोहोचत नाही, किंवा टॉवरला मुख्य जाळ्याशी जोडणारी केबल झाड पडून अथवा खोदकामात तुटते. काही टॉवर परस्परांशी अत्युच्च वारंवारतेच्या लहरींनी जोडलेले असतात. त्या जोडणीवर मात्र मुसळधार पावसाचा परिणाम होतो. वार्षिक सरासरी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात ही कारणे नैमित्तिक नसून दरवर्षीची आहेत. ३ जून २०२० रोजीचे निसर्ग चक्रीवादळ, मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ आणि २२ जुलै २०२१ रोजीचा चिपळूणचा महापूर या तिन्ही प्रसंगी संपर्क तुटणे म्हणजे काय, हे जिल्ह्याने अनुभवले आहे. म्हणून येथे कंपनीची निवड करताना टॉवर किती जवळ आहे, यासोबतच वीज गेल्यावर तो किती तास चालतो, हा प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते.

एक प्रत्यक्ष अनुभव

प्रस्तुत लेखकाचे मूळ घर संगमेश्वर तालुक्यातील एका वाडीवर, सड्याखालच्या उतारावर आहे. वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक असून आईसह तेथेच राहतात. २०२२ च्या जून महिन्यात वडिलांच्या मोबाईलचा वार्षिक खर्च कमी व्हावा, या हेतूने लेखकाने त्यांचा क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेला. त्या कंपनीची रेंज रत्नागिरी शहरात उत्तम होती, लेखकाचा स्वतःचा अनुभव चांगला होता आणि वर्षाकाठी काही शे रुपयांची बचत होणार होती. निर्णय घेण्यास एक संध्याकाळ पुरली. वाडीवर ती कंपनी चालते काय, हे मात्र तपासले गेले नाही.

नवे सिमकार्ड सुरू झाल्यावर लक्षात आले की घरात रेंज येत नाही. पडवीच्या एका टोकाला ती अधूनमधून येई. खात्रीची रेंज घाटी चढून सड्यावर गेल्यावरच मिळे. बँकेच्या कामासाठी ओटीपी मागवावा, तो सड्यावर यावा आणि अर्ज घरात उघडलेला असावा, असे वारंवार घडले. ओटीपीची मुदत मिनिटांची आणि घाटी पंधरा मिनिटांची. जुलै महिन्यात एका रात्री आईला धाप लागली, तेव्हा वडिलांना शेजाऱ्याच्या दारी जाऊन दूरध्वनी करावा लागला. शेजाऱ्याचा मोबाईल आमच्याच जुन्या कंपनीचा होता. प्रसंग निभावला, परंतु त्यानंतर वडील जे म्हणाले ते विसरता येत नाही : “नंबर माझाच आहे रे, पण त्या नंबरावर मी भेटत नाही.”

परत जुन्या कंपनीकडे जाण्यास ९० दिवसांची अट आड आली. गणेशोत्सवात मुंबईहून आलेल्या मंडळींनीही वडिलांना सड्यावर जाऊन आलेले दूरध्वनी परत करताना पाहिले. सप्टेंबरच्या उत्तरार्धात क्रमांक पूर्ववत झाला. यात कंपनीने दिलेले कोणतेही आश्वासन मोडले नव्हते. ज्याला मोबाईल वापरायचा होता त्याच्या जागी उभे न राहता निर्णय घेतला गेला, हा दोष निर्णय घेणाऱ्याचा होता. शहरातील मुलाने गावातील आईवडिलांसाठी परस्पर घेतलेल्या अनेक निर्णयांत हाच दोष आढळतो, असे वाटते.

निर्णयाचा क्रम

उपरोक्त विवेचनाच्या आधारे निर्णयाचा क्रम पुढीलप्रमाणे सुचवता येईल.

१) क्रमांकाचे कार्य निश्चित करणे. हा क्रमांक कोणासाठी व कशासाठी आहे, हे प्रथम लिहून काढावे. बँक, आधार व निवृत्तिवेतन यांच्याशी जोडलेला क्रमांक आणि चित्रफिती पाहण्यासाठी वापरला जाणारा क्रमांक यांना एकच निकष लावता येत नाही. पहिल्याच्या बाबतीत विश्वासार्हता, दुसऱ्याच्या बाबतीत दर व वेग महत्त्वाचे ठरतात.

२) जागा निश्चित करणे. ज्या दोन-तीन जागी दूरध्वनी लागलाच पाहिजे, त्या ठरवाव्यात. माजघर, बाग किंवा शेत, आणि बाजाराचे गाव अशी ही यादी असू शकेल. ‘ट्राय’च्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता विनियमांनुसार कंपन्यांनी आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर देणे बंधनकारक झाले आहे. ते अवश्य पाहावेत. परंतु नकाशा हा अंदाज असतो, उताराखालच्या प्रत्येक घराची स्थिती त्यात दिसेलच असे नाही.

३) चाचणी घेणे. आजचे बहुतेक मोबाईल दोन सिमकार्डे घेतात. ज्या कंपनीकडे जायचे मनात आहे, तिचे नवे प्रीपेड सिमकार्ड घेऊन ते महिनाभर दुसऱ्या जागी वापरावे. ही चाचणी शक्यतो पावसाळ्यात व्हावी आणि वीज गेलेली असताना रेंज किती तास टिकते, याची नोंद ठेवावी. एका महिन्याच्या रिचार्जचा खर्च हा तीन महिन्यांच्या अडचणीविरुद्ध उतरवलेला विमाच होय.

४) मोबाईल संच तपासणे. रिलायन्स जिओचे जाळे २०१६ मधील आरंभापासूनच ४जी आहे. २जीवर चालणारा जुना बटणांचा मोबाईल त्यावर चालत नाही. वयस्कर व्यक्तीला सवयीचा झालेला संच बदलावा लागणार असेल, तर तोही बदलाचा खर्च समजावा.

५) कागदपत्रे पाहणे. आपल्याकडे गावातील सिमकार्ड मुंबईतील मुलाच्या नावे, तर कधी दिवंगत व्यक्तीच्या नावे असते. क्रमांक हलवण्याचा अर्ज नोंदणीकृत ग्राहकानेच करावयाचा असतो आणि नाव बदलण्याची प्रक्रिया चालू असताना तो स्वीकारला जात नाही. म्हणून नावाची दुरुस्ती आधी पूर्ण करावी. पोस्टपेड असल्यास थकबाकी भरावी. प्रीपेडमधील शिल्लक रक्कम व मुदत नव्या कंपनीकडे जात नाही, हेही ध्यानात ठेवावे. सिमकार्ड हरवून नवे घेतले असल्यास, १ जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार सात दिवस यूपीसी मिळत नाही. फसवणुकीस आळा घालणे हा या नियमाचा हेतू आहे.

६) दराची तुलना करणे. वरील पाचही बाबी समाधानकारक असतील तरच दरांकडे वळावे. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर साधारणतः ११ ते २५ टक्क्यांनी वाढवले, तेव्हा दर न वाढवणाऱ्या बीएसएनएलकडे त्या एका महिन्यात सुमारे २९ लाख ग्राहकांची भर पडली. वर्षअखेरीस मात्र हा ओघ उलटला. केवळ दरावर घेतलेला निर्णय किती टिकतो, याविषयी हे उदाहरण विचार करावयास लावणारे आहे. याची दुसरीही बाजू आहे. बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी जाळ्याचे राष्ट्रीय स्तरावर लोकार्पण २७ सप्टेंबर २०२५ रोजी झाले. म्हणजे कोणत्याही कंपनीविषयीचे जुने मत, चांगले असो वा वाईट, पुन्हा तपासून घेतले पाहिजे.

न बदलण्याचे पर्याय

प्रत्येक तक्रारीवर बदल हा उपाय नसतो. खर्च अधिक वाटत असेल आणि इंटरनेटचा वापर नसेल, तर फक्त संभाषण व संदेश यांसाठीचे रिचार्ज निवडता येते. ‘ट्राय’ने डिसेंबर २०२४ मध्ये असे रिचार्ज देणे कंपन्यांना बंधनकारक केले असून वयस्कर व्यक्तींसाठी ते विशेष उपयुक्त आहे. घरात तारेचे इंटरनेट असेल, तर काही कंपन्यांच्या वाय-फायवरून बोलण्याच्या सोयीने माजघरातील रेंजचा प्रश्न सुटू शकतो. दुसरे सिमकार्ड कायम ठेवून दोन कंपन्यांवर जोखीम विभागणे हाही पर्याय आहे. एका कंपनीचा टॉवर बंद पडला तरी संपर्क पूर्णतः तुटत नाही.

ज्या वाडीवर एकाच कंपनीची रेंज आहे, तेथे बाहेर पडण्याचा मार्ग नावापुरताच उरतो. तेथे हर्शमन यांनी सांगितलेला दुसरा मार्ग, म्हणजे आवाज उठवणे, हाच खरा मार्ग होय. कंपनीच्या तक्रार केंद्राकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा आणि समाधान न झाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जावे. दूरसंचार सेवेविषयी ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मधील निर्णयात स्पष्ट केले आहे. वाडीवर टॉवरच नसेल, तर ग्रामसभेचा ठराव करून तो पाठपुराव्यासह प्रशासनाकडे पाठवणे इष्ट ठरेल. ४जी सेवेपासून वंचित गावांसाठी केंद्र शासनाने जुलै २०२२ मध्ये स्वतंत्र योजना मंजूर केली आहे. अशा सार्वजनिक निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरचा उपयोग एकाहून अधिक कंपन्यांच्या ग्राहकांना व्हावा, या दिशेने जानेवारी २०२५ पासून पाऊल पडले आहे. डोंगराळ भागात स्पर्धेपेक्षा सहकार्य अधिक उपयोगी पडते, हे त्यातून सूचित होते.

निष्कर्ष

क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याच्या सोयीने ग्राहकाला स्वातंत्र्य दिले, हे निर्विवाद आहे. परंतु या स्वातंत्र्याचे मोल सर्वत्र सारखे नाही. शहरात चार कंपन्यांमधून निवड करणारा ग्राहक आणि सड्याखालच्या वाडीवर एकाच टॉवरकडे पाहणारा ग्राहक एकाच नियमाखाली येत असले, तरी त्यांची परिस्थिती भिन्न आहे. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात दोन कंपन्यांची तुलना करणे म्हणजे वस्तुतः त्या घराजवळच्या दोन टॉवरांची तुलना करणे होय. ही तुलना जाहिरातीवरून किंवा शहरातील अनुभवावरून करता येत नाही, ती त्या घरात राहूनच करावी लागते.

आपल्यापैकी अनेक प्राध्यापकांचे आईवडील गावी आहेत आणि त्यांच्या मोबाईलविषयीचे निर्णय आपणच घेतो. आपले विद्यार्थीही आपापल्या घरातील असे निर्णय घेत असतात. म्हणून यूपीसीसाठी संदेश पाठवण्यापूर्वी एकदा गावी जावे, नवे सिमकार्ड घालून माजघरात, वीज गेलेल्या एका संध्याकाळी, आपलाच क्रमांक लावून पाहावा. तो लागला तर दराचा विचार करावा. न लागल्यास बचतीचा आकडा कितीही मोठा असला तरी क्रमांक आहे तेथेच राहू द्यावा.